काळ्या दगडाचं वजन

(मीरा रोड येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, बोलण्याचा बाज कायम ठेवून संपादित केलेला मजकूर)



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकांनी जरा काळजीनेच विचारलं होतं, "लघुग्रह म्हणजे पृथ्वीवर येऊन आदळणार, तेच ना?" वर्तमानपत्रांनी लघुग्रहांची तेवढीच ओळख करून दिली आहे, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते कुणावर आदळायला निघालेले नाहीत. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्याच्या अगदी बाहेरच्या अंगाला ते फिरतात. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, त्याच्या साधारण साडेतीनपट लांब. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्यांना साडेसहा वर्षं लागतात. एकीचं नाव सिल्विया, क्रमांक ८७. दुसरी कॅमिला, क्रमांक १०७. दोघीही काळ्याकुट्ट, दोघींनाही स्वतःचे चंद्र, आणि दोघीही सापडल्या त्या आपल्याच देशात, मद्रासला.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. प्राचीन भारतीय खगोलशास्त्र म्हटलं की आपली छाती फुगते आणि इस्रो म्हटलं की पुन्हा फुगते. मधल्या काळात इथल्या वेधशाळांमध्ये रात्ररात्र जागून जे काम झालं, त्याचं मात्र आपल्याला सोयरसुतक नसतं. ते काम साहेबाचं, असं म्हणून आपण मोकळे होतो.

साहेबाचं होतंच. नॉर्मन रॉबर्ट पॉगसन, जन्म १८२९, गाव नॉटिंगहॅम. ऑक्सफर्डला असतानाच त्याच्या खात्यावर तीन लघुग्रह जमा झाले होते. १८५६ साली त्याने ताऱ्यांच्या तेजस्वितेची, म्हणजे प्रतींची, मोजपट्टी बसवून दिली. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभरपट, म्हणून एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. आज जगातली कुठलीही दुर्बीण हीच पट्टी वापरते. फेब्रुवारी १८६१ मध्ये तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख म्हणून आला आणि दोन महिन्यांत, १७ एप्रिलला, त्याला ६७ क्रमांकाचा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला, म्हणून त्याचं नावच 'एशिया'. पुढे १६ मे १८६६ रोजी सिल्विया आणि १७ नोव्हेंबर १८६८ रोजी कॅमिला. १८९१ साली मद्रासलाच तो वारला. तीस वर्षं एकाच वेधशाळेत.

तो एकटा नव्हता. चिंतामणी रघुनाथाचारी त्याच्याबरोबर काम करत होते. १८६७ साली 'आर रेटिक्युली' या ताऱ्याची तेजस्विता बदलते हे त्यांच्या लक्षात आलं आणि १८७२ साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते फेलो झाले. १८७३पासून पॉगसनची मुलगी आयसिस हिने वेधशाळेतली आकडेमोड सांभाळली. तिचं नाव एका लघुग्रहाला आहे. तिच्या वडिलांनीच ऑक्सफर्डला शोधलेल्या, ४२ क्रमांकाच्या.

त्या काळी लघुग्रह शोधायचा म्हणजे काय करायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण आता ती पद्धत उरली नाही. फोटो नव्हते. आकाशाच्या एका तुकड्याचा नकाशा हाताने काढायचा, त्यात बाराव्या-तेराव्या प्रतीपर्यंतचे ठिपके भरायचे. मग दुर्बिणीला डोळा लावून नकाशातला प्रत्येक ठिपका आकाशात आहे का आणि आकाशातला प्रत्येक ठिपका नकाशात आहे का, हे पडताळत बसायचं. एखादा ठिपका जास्तीचा निघाला तर बहुधा नकाशाच चुकलेला असायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायचं. पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाचा लघुग्रह एका दिवसात सरकतो तो चंद्रबिंबाच्या रुंदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका. तेवढा सरकला असेल तर सापडला. त्यात मद्रासला नोव्हेंबर हा ऐन पावसाचा महिना. कॅमिलासाठी आकाश उघडं मिळालं, हेच नशीब.

१८६८ हे साल कोकणातल्या मंडळींच्या ओळखीचं असेल. त्या वर्षी १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याची पट्टी भारतावरून गेली. पॉगसन ते बघायला मछलीपट्टणला गेला होता, फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता. हेलियमची गोष्ट इथून सुरू होते. आपल्याकडे विजयदुर्गच्या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात, तिथून लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम शोधला असं सांगतात आणि दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात. कार्यक्रम चांगला आहे, मुलं येतात, तो बंद पडू नये. फक्त लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. त्याने आपलं निरीक्षण तिथूनच, ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना केलं. असो. ग्रहण आटोपून पॉगसन मद्रासला परतला आणि तीन महिन्यांनी त्याला कॅमिला सापडली, एवढ्यासाठी हे विषयांतर.

आता या दोघी दिसतात किती, ते मोजू. मीरा रोडच्या गच्चीवरून, हवा बरी असेल तर, तिसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. सिल्विया साधारण बाराव्या प्रतीची. फरक नऊ प्रतींचा. पॉगसनच्याच पट्टीने नऊ प्रती म्हणजे जवळजवळ चार हजारपट. तुम्हाला कसाबसा दिसणारा जो तारा आहे, त्याच्या चार हजारावा हिस्सा.

इतका मंद प्रकाश का? एक तर अंतर. दुसरं म्हणजे रंग. अंगावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांतले चार-पाच भागच या दोघी परत पाठवतात. आपला चंद्र बारा पाठवतो. भाईंदरच्या मिठागरांत उन्हाळ्यात मिठाचे ढीग लागतात, दुपारी त्यांच्याकडे बघवत नाही. त्या ढिगाशेजारच्या रस्त्यावर नुकतंच डांबर टाकलं असेल तर ते जितकं काळं दिसेल, तितक्या या काळ्या. अंगात कार्बनी द्रव्यं भरलेली. सूर्यमाला घडताना जो माल वापरला गेला, त्यातला बराचसा जुना साठा अशा काळ्या दगडांत शिल्लक आहे, म्हणून त्यांच्यात एवढा रस.

पण काळेपणामुळे एक मोठी अडचण होते. दुर्बिणीत दिसतो तो एक ठिपका. तो ठिपका लहान पण उजळ दगडाचा असू शकतो, तसाच प्रचंड पण काळ्या दगडाचाही. नुसत्या प्रकाशावरून ठरवता येत नाही. पॉगसनला क्रमांक मिळाला, नाव मिळालं, कक्षा मिळाली. वस्तू केवढी आहे हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शंभरावर वर्षांनी, १९८३ साली, आयआरएएस नावाच्या उपग्रहाने आकाश अवरक्त किरणांत पाहिलं, तेव्हा या प्रश्नाला उत्तर मिळालं. काळा दगड ऊन परतवत नाही, पितो, आणि पिऊन तापतो. ती ऊब मोजली की आकार काढता येतो. दोघीही दोनशे किलोमीटरच्या वर निघाल्या. नंतरच्या मोजमापांत सिल्वियाचा सरासरी व्यास सुमारे २७० आणि कॅमिलाचा सुमारे २५४ किलोमीटर ठरला.

आकार कळला. वजन? चाळीस कोटी किलोमीटरांवरचा दगड तोलायचा कसा? त्याच्या शेजारून यान पाठवलं आणि यानाची वाट किती वाकली ते पाहिलं, तर जमतं. पण पट्ट्यात आज लाखो लघुग्रह माहीत आहेत आणि यानं गेली ती मोजक्यांकडे. दुसरा भरवशाचा उपाय असा: दगडाभोवती काहीतरी फिरत असलं पाहिजे.

लघुग्रहाला चंद्र असू शकतो का, याबद्दल बराच काळ वाद होता. १९७८ साली हर्क्युलिना हा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तारा दोनदा मंदावल्याचं निरीक्षकांनी कळवलं, चंद्र सापडला असा गवगवा झाला. पुढे हबल दुर्बिणीने पाहिलं तर तिथे काही नव्हतं. वादाचा निकाल लागला तो १९९३ साली टिपलेल्या छायाचित्रांनी. गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान २८ ऑगस्टला इडा या लघुग्रहाजवळून गेलं आणि त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत इडाच्या बाजूला दीड किलोमीटरचा एक बारका चंद्र निघाला.

तोपर्यंत जमिनीवरच्या दुर्बिणींचा कायापालट होऊ लागला होता. तारे लुकलुकतात ते आपल्या हवेमुळे, आणि हवेच्या या थरथरीत चाळीस कोटी किलोमीटरांवरचं काहीही पुसट होऊन जातं. त्यावर तोड अशी निघाली की दुर्बिणीत एक पातळ, लवचिक आरसा बसवायचा आणि हवा किरणांना जितकं वाकडं करते तितकंच उलट वाकडं त्या आरशाने, सेकंदाला शेकडो वेळा, करायचं. वाकड्याला वाकडं लावून सरळ. १९९८ साली या युक्तीने युजेनिया या लघुग्रहाचा चंद्र सापडला आणि मग जुन्या, क्रमांक दिलेल्या, फाइलबंद झालेल्या लघुग्रहांकडे लोक पुन्हा बघू लागले.

ऑगस्ट २०००. अँटिओपी, क्रमांक ९०, जर्मनीत ड्युसेलडॉर्फला १८६६ साली सापडलेला, सिल्वियाच्याच वर्षीचा. हवाईच्या केक दुर्बिणीतून पाहिलं तर तो एक नव्हताच. जवळजवळ सारखे दोन दगड, प्रत्येकी ८५ किलोमीटरांच्या आसपास, एकमेकांपासून १७० किलोमीटरांवर, साडेसोळा तासांत एकमेकांभोवती फिरणारे. यात ग्रह कोण आणि चंद्र कोण, हे विचारण्यातच अर्थ नाही. खरा जोडलघुग्रह म्हणावा तो हा.

आणि मग १८ फेब्रुवारी २००१. मायकेल ब्राउन आणि जाँ-लुक मार्गो यांना केक दुर्बिणीतून सिल्वियाजवळ एक ठिपका दिसला. अकरा दिवसांनी, १ मार्चला, हबलने कॅमिलाचं चित्र घेतलं, तर तिच्याजवळही एक ठिपका. एकाच माणसाने अडीच वर्षांच्या अंतराने मद्रासहून शोधलेल्या दोघी, आणि त्यांचे सोबती उघड झाले ते दोन आठवड्यांच्या आत. योगायोग आहे, त्यात जास्त काही शोधू नये, पण मला तो फार आवडतो.

२००४ साली फ्रांक मार्किस आणि त्याच्या सहकाऱ्यांना चिलीतल्या दुर्बिणीतून सिल्वियाचा आणखी एक, धाकटा चंद्र सापडला. ऑगस्ट २००५ मध्ये 'नेचर'मध्ये ते जाहीर झालं. दोन चंद्र असलेला हा पहिला लघुग्रह. नावांचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. रोमन पुराणातली रिआ सिल्विया ही रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची आई, रोम वसवणारे ते हेच. पॉगसनने नाव ठेवलं तेव्हा मुलं घरातच होती, बाहेर यायला त्यांनी १३५ वर्षं घेतली. कॅमिलाचाही दुसरा चंद्र २०१६ साली जाहीर झाला. पहिला सुमारे १२ किलोमीटरांचा, दुसरा साडेतीनचा. आईच्या तेजापुढे १२ किलोमीटरांचा चंद्र साडेचारशेपट मंद, म्हणजे का दिसला नव्हता ते कळेल.

आता फळ्यावर थोडं गणित मांडतो. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या नावाच्या व्याख्यानात फळा कोरा राहणं बरं दिसणार नाही.

रोम्युलस सिल्वियापासून १,३५६ किलोमीटरांवर आहे, फेरीला ३.६५ दिवस घेतो. रीमस ७०६ किलोमीटरांवर, फेरीला १.३८ दिवस. केप्लरचा तिसरा नियम सांगतो की अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग ही संख्या, ज्याच्याभोवती फिरताय त्याच्या वस्तुमानावर ठरते. फिरणारा केवढा आहे याच्याशी तिचा संबंध जवळजवळ नाही. मग दोन्ही चंद्रांनी आईचं वजन एकच सांगायला हवं. तपासू. १,३५६ला ७०६ने भागलं तर येतात १.९२, त्याचा घन सातच्या थोडा वर. ३.६५ला १.३८ने भागलं तर २.६४, त्याचा वर्ग सातच्या किंचित खाली. दोघांची साक्ष जुळते. न्यूटनचा स्थिरांक घालून हिशेब पुरा केला की सिल्वियाचं वस्तुमान येतं जवळजवळ १५वर अठरा शून्यं इतके किलोग्रॅम, म्हणजे आपल्या चंद्राच्या साधारण पाच हजारावा हिस्सा.

अंतर, काळ, आणि दहावीपर्यंतचं गणित. एवढ्यावर, कुणीही कधी स्पर्श न केलेला दगड तोलला गेला.

यातलं खरं आश्चर्य पुढे आहे. वस्तुमानाला आकारमानाने भागलं की घनता मिळते. २००५ साली सिल्वियाची घनता पाण्याच्या १.२ पट निघाली, नंतर आकार नीट मोजल्यावर १.४च्या आसपास. कॅमिलाची १.३च्या आत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याच्या पावणेतीन ते तीनपट जड असतो. पृथ्वीवर पडणाऱ्या कार्बनी अशनींतही बहुतेकांची घनता दोनच्या वर भरते. मग अडीचशे किलोमीटरांचा हा दगड इतका हलका कसा? तो एकसंध नाही म्हणून. आत पोकळ्या आहेत, कदाचित बर्फही आहे. कधीकाळी मोठी टक्कर झाली, मूळ पिंड फुटला, तुकडे स्वतःच्याच गुरुत्वाने पुन्हा गोळा झाले, आणि जे थोडे गोळा व्हायचे राहिले त्यांचे चंद्र बनले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिल्विया स्वतःभोवती सव्वापाच तासांहूनही कमी वेळात फिरते, त्यामुळे तिचा गोळा झालेला नाही. लांबी साडेतीनशे किलोमीटरांच्या पुढे आणि उंची दोनशेच्या जवळपास.

तेव्हा हे चंद्र म्हणजे नुसती शोभा नाही. ते नसते तर सिल्विया आणि कॅमिला आजही यादीतले दोन काळे ठिपके राहिले असते, व्यास अंदाजे अमुक, पुढचा रकाना रिकामा. १८६६ आणि १८६८ साली त्यांचा शोध लागला असं आपण म्हणतो, ते सोयीसाठी. त्यांची ओळख व्हायला २००१ साल उजाडावं लागलं, आणि ती नवं काही शोधणाऱ्यांनी करून दिली नाही. सापडून गेलेल्याकडे पुन्हा बघणाऱ्यांनी करून दिली. निधी देणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, हेही जाता जाता सांगतो.

चंद्राची फेरी मोजण्याची हीच युक्ती आता संरक्षणासाठी वापरली गेली. २६ सप्टेंबर २०२२ला नासाचं डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाच्या डायमॉर्फोस या लहानग्या चंद्रावर मुद्दाम आदळवलं. एकट्या लघुग्रहाला असा धक्का दिला असता तर त्याची सूर्याभोवतीची वाट किती बदलली हे मोजायला वर्षं गेली असती. डायमॉर्फोस मात्र डिडिमॉसभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. धडकेनंतर ती वेळ अर्ध्या तासाहून जास्त घटली आणि दोन आठवड्यांत निकाल हातात आला.

आदळण्याचा विषय निघालाच आहे तर पवईच्या आयआयटीचंही सांगायला हवं. १६ ऑगस्ट २०२० रोजी २०२० क्यूजी नावाचा, मोठ्या मोटारीएवढा दगड पृथ्वीपासून २,९५० किलोमीटरांवरून निघून गेला. तोपर्यंत नोंदलेल्यांत हा सर्वांत जवळून गेलेला. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीच्या चित्रांतून तो हुडकणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते, कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा. लॉकडाऊनच्या दिवसांत, संगणकावर रोज चित्रं चाळत. पद्धत पॉगसनचीच म्हणा ना: जास्तीचा ठिपका कोणता?

आता तुमच्या-माझ्या हाताशी काय आहे? पिधान. लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. तारा इतका लांब की त्याचे किरण समांतरच येतात, म्हणून सावलीची रुंदी लघुग्रहाच्या रुंदीएवढीच. सिल्वियाची सावली अडीचशे किलोमीटरांची, कॅमिलाच्या थोरल्या चंद्राची १२ किलोमीटरांची. इथे मंद लघुग्रह दिसायची गरजच नसते, तारा दिसला की झालं, आणि तो आठव्या-नवव्या प्रतीचा असेल तर या शहराच्या उजेडातही आठ इंची दुर्बीण पुरते. ६ जानेवारी २०१३ला सिल्वियाच्या अशा पिधानासाठी युरोपात पन्नासेक निरीक्षक पसरले होते, त्यांतल्या काहींना रोम्युलसची सावली मिळाली आणि तो सुमारे २३ किलोमीटरांचा, लांबट आहे हे कळलं. त्याआधी २०११ साली अमेरिकेत अँटिओपीच्या दोन्ही दगडांच्या कडा अशाच रेखल्या गेल्या. दोन्ही वेळी हौशी मंडळी कामाला होती.

आपल्याकडे हौशींची कमी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. मीरा-भाईंदरला पश्चिमेला उत्तन आहे, पुढे समुद्र आहे, तेवढ्या बाजूला तरी इमारती नाहीत. वसई, उत्तन, ठाणे, पनवेल, अलिबाग असे पाच गट एका रात्री बसले तर सावलीला आडवी जाणारी चांगली रांग तयार होते. बारा किलोमीटरांची सावली असेल तर उत्तनला तारा अर्धा-पाऊण सेकंद विझेल आणि पनवेलला त्याला काहीच होणार नाही. लागतं काय? दुर्बीण, व्हिडिओ घेणारा कॅमेरा, जीपीएसवरून पक्की वेळ, आणि आपण नेमके कुठे उभे होतो त्याची नोंद. सावलीच्या वाटेचे अंदाज आधीच प्रसिद्ध होतात, ते फुकट मिळतात.

एक चूक मात्र आपल्याकडचे निरीक्षक हमखास करतात. तारा मंदावला नाही की हिरमुसून घरी जातात आणि काही कळवत नाहीत. तसं करायचं नाही. उत्तनला तारा विझला आणि ठाण्याला विझला नाही, तरच सावलीची कड या दोघांच्या मध्ये कुठेतरी होती हे सांगता येतं. ठाण्याचा अहवाल आलाच नाही, तर उत्तनच्या अहवालाची निम्मी किंमत जाते. म्हणून 'काही दिसलं नाही' हेसुद्धा वेळेसकट, जागेसकट लिहून त्याच रात्री पाठवायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.